चौदा महिने आणि चाळीस मिनिटं

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची खोडच आहे. पण आठवायची तर आधी विसरावी लागते, आणि ही मला विसरताच आलेली नाही. दुपारी पेपर वाचता वाचता मधेच उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो. बायको म्हणते, "आली वाटतं तुमची मिठागरवाली!" एकतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या हाणामाऱ्या सोडवल्या. आणि डोक्यात घर करून बसली ती एक साधी मिसिंगची केस, तीसुद्धा जेमतेम आठ तासांची.

तेव्हा मी उलव्याकडच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. नवीन टॉवर, अर्ध्या फ्लॅटना कुलपं आणि तक्रारी बहुतेक पार्किंगच्या, नाहीतर भटक्या कुत्र्यांच्या. एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एक कुटुंब आलं. वडील, आई, धाकटी मुलगी, आणि बरोबर सोसायटीचे सेक्रेटरी धरून आणखी तिघं. आपल्याकडे एकाचं दुखणं असलं की ठाण्यात सहा जण येतात. थोरली मुलगी, वय पंचवीस, साडेआठला नेहमीसारखी डबा घेऊन ऑफिसला निघाली. दहा वाजता धाकटीला तिचा फोन उशीखाली सापडला. विसरली असेल म्हणून आईनं बेलापूरच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, "मॅडमनी जॉब सोडून पाच महिने झाले, काकू."

म्हणजे पाच महिने पोरगी रोज डबा घेऊन निघत होती आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत होती. घरात कुणाला पत्ता नाही.

मी पोलीस जे म्हणतात तेच म्हणालो. "सज्ञान मुलगी आहे, साडेतीन तास झालेत, येईल संध्याकाळपर्यंत." तेव्हा धाकटीनं काही न बोलता तो फोन माझ्या टेबलावर ठेवला. तिला पॅटर्न माहीत होता. एकाच नंबरशी चौदा महिन्यांचं चॅटिंग. आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिनं पाठवलेला शेवटचा मेसेज: 'आता बास. यापुढे फोनवर नाही आणि असं समोरही नाही.'

तो मी दोनदा वाचला. असली वाक्यं आम्ही पूर्वीही वाचली होती, पण ती पंचनाम्याच्या वेळी, चिठ्ठीत. मी ठाणे अंमलदाराला बाजूला सारून मिसिंगची नोंद स्वतः घ्यायला बसलो. उंची, बांधा, रंग, अंगावर अबोली कुर्ता, पायात पांढरे बूट. "काही आजार?" मी विचारलं. वडील म्हणाले, "नाही. काही नाही." मी लिहिलं, 'नाही'. वायरलेसवर वर्णन सोडलं, चॅटमधला तो नंबर सीडीआरसाठी, म्हणजे कॉलच्या नोंदींसाठी, कंपनीकडे पाठवला आणि दोघांना बसस्टॉपकडे पिटाळलं.

सीडीआर यायला वेळ लागतो, चहावाल्याला लागत नाही. पाऊण वाजता आमच्या माणसाचा फोन आला. सोसायटीच्या कोपऱ्यावरचा टपरीवाला म्हणत होता, "सकाळी तो पोरगा आला होता ना! काळी बाइक. आपल्या मॅडमशी पाच मिनिटं बोलला. मग मॅडम रिक्षात बसल्या आणि हा वेड्यासारखा रिक्षाकडे बघत उभा. चहा पण नाय घेतला." परवाही हीच बाइक पलीकडच्या केकच्या दुकानासमोर उभी होती, हेही त्याला ठाऊक होतं. बाइकचा अर्धा नंबर त्यानं सांगितला आणि बाकीचा अर्धा चौकातल्या कॅमेऱ्यानं दिला. दीड वाजेपर्यंत आम्ही त्याला द्रोणागिरीच्या एका गोदामातून उचलून ठाण्यात आणला. तो तिथं कंटेनर उतरवण्यावर सुपरवायझर होता.

सत्तावीस वर्षांचा, उंच, काळासावळा, खाडीकाठच्या गावातला. वडिलांची शेती टाऊनशिपमध्ये गेलेली, आता दोन चाळी भाड्यानं दिलेल्या. माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि त्यानं जी मान खाली घातली, ती घातलीच.

"मुलगी कुठं आहे?"

"मना म्हाईत नाय, सायेब."

"सकाळी तिच्याशी काय बोललास?"

"कै नाय."

"परवा भेटलात तेव्हा काय झालं?"

कपाळावर घाम, हाताची बोटं एकमेकांत, नजर सतत दाराकडे. आता मी माझ्या तोंडानं सांगतो, ठाण्यात माझं नाव होतं ते याच कामासाठी. माणूस समोर बसवायचा, निवांत न्याहाळायचा, तो बोलायच्या आधी त्याचा चेहरा बोलतो. 'साहेबांसमोर दगड पाझरतो,' असं पोरं म्हणायची आणि मलाही ते गोड वाटायचं. त्या दिवशी मी तो घाम पाहिला, ती चोरटी नजर पाहिली आणि मनाशी ठरवून टाकलं, यानंच काहीतरी केलंय. हात उचलला नाही, पण आवाज उचलला. टेबलावर मूठ आपटली, टेबलावरचा पेला खाली पडला. जितका मी वर चढलो तितका तो आत गेला. तास गेला, सव्वा तास गेला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी दर दोन मिनिटांनी बघत होतो. बाहेर बाकावर मुलीचे वडील सेक्रेटरींना हळू आवाजात सांगत होते, "आमच्या घरात असलं काही नाही हो." ते ऐकून माझं डोकं आणखी तापलं.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो. मूळच्या चिपळूणच्या, बोलायला फटकळ. मुलीचा फोन मी त्यांच्याकडे दिला होता आणि त्या शेजारच्या खोलीत बसून चौदा महिने वाचत होत्या. पावणेतीनच्या सुमारास त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"साहेब, आत बसलाय तो आणि यात लिहितो तो, एकच माणूस आहे ना? खात्री आहे?"

"का?"

"हा बघा." त्यांनी वाचून दाखवलं. 'आमच्या आजोबांचं मिठागर आता बंद आहे. पण बांध अजून आहे. बांधावर एक पडकी खोप आहे, तिथं बसलं की तिन्ही बाजूंनी नुसतं पाणी दिसतं. फ्लेमिंगो येतात तेव्हा त्यांचा आवाज आपल्या पायाखालून आल्यासारखा वाटतो. मला कंटाळा आला की मी तिथं जातो. तुला दाखवीन.' "असे शेकडो मेसेज आहेत साहेब. पोरगा बोलका आहे, प्रेमळ आहे, गमत्या आहे. हिनं नोकरी सोडली ते याला त्याच दिवशी माहीत. वरचा साहेब ओरडायचा, हिला सहन होईना. दिवसभर ती बेलापूरच्या अभ्यासिकेत बसते, दुपारी काय खाते, सगळं याला माहीत. आणि मजा म्हणजे चौदा महिन्यांत एकदाही कॉल नाही. परवापर्यंत दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता."

"आणि परवा?"

"परवा पहिल्यांदा भेटले. चाळीस मिनिटं. वाचा." मुलीनं त्या रात्री लिहिलं होतं: 'समोर बसलास आणि मला तू अनोळखी वाटलास. घरी आले, फोन उघडला, तर पुन्हा तूच. यातला खरा कोणता?' त्यावर त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: 'माहीत नाही. मलाही तसंच झालं.'

बाई म्हणाल्या, "साहेब, हा समोर बोलणाऱ्यातला नाही. तुम्ही त्याचा फोन त्याला परत द्या. मी इथून लिहिते."

"आता संशयिताशी चॅटिंग करायचं? मग मी इथं काय हजामत करायला बसलोय?" मी खेकसलोच.

तेवढ्यात बाईंच्या मागे मुलीची आई येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाईंचा हात धरून ती त्यांना पाण्याच्या कूलरपाशी घेऊन गेली. मी दोन पावलं मागून गेलो. आई कुजबुजली, "ताई, सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. तिला फिट येतात. बारा वर्षांची असल्यापासून. गोळ्या चालू आहेत म्हणून दोन वर्षं आली नव्हती. आत्ता घरी जाऊन पाकीट बघून आले. परवापासून एकही गोळी घेतलेली नाही. दोन रात्री झोपलीही नाही ती." आणि मग, मी ऐकतोय हे कळल्यावर, "साहेब, तिचं लग्न व्हायचंय हो. सोसायटीत सगळी आमच्याकडचीच माणसं. झाकली मूठ..."

तिनं म्हण पुरी केली नाही. सव्वा लाखाची ती मूठ मीच माझ्या अक्षरात रजिस्टरात झाकून ठेवली होती. आजाराचा रकाना भरताना मी वडिलांना विचारलं आणि लेखणीकडे बघत 'नाही' लिहून मोकळा झालो. आई शेजारीच उभी होती. चेहरे वाचणारा मी, तिच्याकडे एकदा मान वर करून बघितलं असतं तरी पुरे होतं. मला स्वतःची इतकी चीड त्यापूर्वी कधी आली नव्हती.

"द्या फोन त्याला," मी बाईंना म्हणालो.

मी आत गेलो, त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला आणि काचेच्या दाराबाहेर येऊन उभा राहिलो. बाईंनी मुलीच्या फोनवरून लिहिलं. फसवाफसवी केली नाही: 'मी पोलीस हवालदार. तिचा फोन माझ्याकडे आहे, मी शेजारच्या खोलीत आहे. साहेब बाहेर गेलेत. तिला फिट येतात, हे तुला माहीत आहे का?'

फोनवर तिचं नाव उमटलं तेव्हा पोरगा ताडकन उभा राहिला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली बसला आणि त्याचे अंगठे जे चालायला लागले! बाई वाचत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो.

'कसल्या फिट? मला कधी बोलली नाही.'

'गोळ्या दोन दिवस घेतल्या नाहीत. एकटी असताना फिट आली तर जीव जाईल. कुठं आहे ती?'

'मी शब्द दिलाय.'

'शब्द कशाचा?'

मग एक मोठा मेसेज आला. तो मला जवळपास पाठ आहे. 'परवा भेटलो तेव्हा मी बोललो आणि ती हसली. बोलली, तू असा बोलतोस? लिहितोस तेव्हा तर पुस्तकासारखं. वाईट मनानं नाही हसली, पण माझं तोंडच बंद झालं. मग तीपण गप्प झाली. आज सकाळी तिचा मेसेज वाचून धावत गेलो, तर तिनं सांगितलं, तू लिहितोस ते खरं असतं का हे मला तुझ्याशिवाय आणि फोनशिवाय बघायचंय. मिठागराची वाट विचारली. मी सांगितली. मागं येणार नाही आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. ती तिथंच आहे. बांधावर.'

आणि लगेच खाली दुसरा: 'आज मोठी भरती आहे. साडेचारला पाणी बांधाला लागेल.'

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती हद्द दुसऱ्या ठाण्याची. मी वायरलेसवर कळवलं, त्यांचे बीट मार्शल निघालेही, पण तिथं बंद मिठागरं एक का दोन? "कोणता बांध, सर?" एवढंच ते विचारत राहिले. पोराला जीपमध्ये पुढं बसवलं, मागे बाई, आई आणि मी. वडील चढायला लागले तर आई म्हणाली, "तुम्ही नका येऊ." तिचा तो आवाज बहुधा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. ते तसेच मागे सरकले.

रस्त्यात कंटेनरची रांग. सायरन वाजवून काय उपयोग, ट्रेलर काय उडून जाणार आहे? पोरगा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. ट्रेलरच्या ड्रायव्हरना हाका मारत होता, "ओ काका, बाजूला घ्या! आमची मानूस हाय तिकरं!" गोदामात त्याला सगळे ओळखत होते. ट्रेलर हलले. सव्वा तास ज्याच्या तोंडातून मी एक शब्द काढू शकलो नव्हतो, तो मुलगा घसा फाटेपर्यंत ओरडत होता. बाई पुटपुटल्या, "देवा महाराजा, सांभाळ रे पोरीला." आई माझ्या बाहीला धरून बसली होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

जीप गावामागे थांबली. पुढं गाडी जात नव्हती. पोरगा उतरला तो धावतच सुटला, आम्ही मागे. चिखलात माझा एक बूट राहिला. पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं, आवाज न करता. खोप दिसली, खोपीत कुणी नाही. तिचा डबा तिथं होता, उघडलेला, पोळी-भाजी तशीच. पोरगा वेड्यासारखा इकडेतिकडे बघत होता. आणि मग अबोली कुर्ता दिसला, बांधाच्या उतारावर खाली. तोंड चिखलाकडे, एक हात पाण्यात.

पोरगा बांधावरून सरळ खाली घसरला. तिला उचलायला गेला तशी आई वरून ओरडली, "उचलू नको! कुशीवर कर! कुशीवर! डोकं मांडीवर घे, तोंडातलं पुस!" चौदा महिने तो तिचं मन ओळखत होता, पण फिट आलेल्या माणसाला कसं धरायचं ते त्याला माहीत नव्हतं. आईला ते माहीत होतं, पण तिची पोर दुपारी कुठं बसते हे माहीत नव्हतं. आई सांगत गेली तसं त्यानं केलं. तिच्या तोंडाला फेस, ओठ चावल्याचं रक्त, कपडे ओले, आणि ते नुसतं चिखलानं ओले नव्हते. त्यानं आपला शर्ट काढून तिच्यावर टाकला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. तिला श्वास होता.

संध्याकाळी दवाखान्यात ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी परवानगी दिली तसा मी जबाब घ्यायला बसलो. घातपात नाही, जबरदस्ती नाही, एवढं नोंदवायचं होतं. ते झालं आणि मग जबाबात न बसणारा एक प्रश्न मी विचारला. "पोरी, चौदा महिने त्याला सगळं सांगितलंस. नोकरी सांगितलीस. हे का नाही सांगितलंस?"

ती छताकडे बघत म्हणाली, "सर, फोनमध्ये मला कधी फिट आलीच नाही. तिथं मी बरी होते."

मी लेखणी खाली ठेवली.

"त्यानं बघितलं?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"सगळं?"

"सगळं. तुझं डोकं त्याच्याच मांडीवर होतं."

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मग संपलं." इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मला माझी मुलगी आठवली. फिट येईल याची भीती तिला नव्हतीच. कुणीतरी बघेल याची होती. त्याच भीतीपायी आईबापांनी तेरा वर्षं तिला झाकून ठेवलं आणि तिनं स्वतःला फोनमध्ये नेऊन लपवलं. आणि तो पोरगा? त्यानंही आपली जीभ तिथंच लपवली होती. दोघं लपलेले एकमेकांना अंधारात सापडले, उजेडात आल्यावर घाबरले, एवढीच ती चाळीस मिनिटांची गोष्ट.

बाहेर बाकावर तो बसला होता, अंगात आमच्या ड्रायव्हरचा बनियन, पायांवर चिखल वाळलेला. मुलीचे वडील त्याच्यापासून चार हात लांब उभे. मला म्हणाले, "साहेब, ते आजाराचं कागदावर येऊ देऊ नका." मी म्हणालो, "ते कागदावर नव्हतं म्हणून तुमची पोर जायची वेळ आली होती. आता येणार. तुम्ही बाजूला व्हा." मी पोराला आत पाठवलं. कायद्यानं मला तसा काही अधिकार नव्हता. दार मात्र मी थोडं उघडंच ठेवलं. एकतीस वर्षांची सवय, काय करणार.

तो स्टुलावर बसला. ती भिंतीकडेच बघत होती. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा तीच चाळीस मिनिटं. शेवटी तिनंच विचारलं, "कशी दिसत होते मी?"

तो म्हणाला, "खरा सांगू? भ्यालू मी."

"मग?"

"मंग काय? बसलोय नाय का हितं."

ती वळली. मी दार ओढून घेतलं.

पुढं त्यांचं लग्न झालं का, असं लोक विचारतात. मी चौकशी केली नाही. आयुष्यभर चौकशाच केल्या, ही एक राहू दिली. भाषणाला बोलावतात तिथं हटकून विचारतात, साहेब, ऑनलाइन ओळख खरी की समोरासमोरची? पूर्वी मी छाती फुगवून सांगितलं असतं, माणूस समोर बसवा, डोळ्यांत बघा. आता सांगवत नाही. एका घरात एका ताटात जेवणारी माणसं पाच महिने एकमेकांना चकवू शकतात. आणि चौदा महिने मन मोकळं करणारा माणूस तिच्या अंगाबद्दल काहीच जाणत नसतो. मी स्वतः सव्वा तास एका पोराच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्याची लाज मला गुन्हा वाटली.

या केसनं माझ्यात बदल झाला तो एकच. मी लोकांना विचारायचो, "काय लपवतोयस?" त्यानंतर नोकरी संपेपर्यंत विचारत राहिलो, "कुणाला भिऊन लपवतोयस?" या प्रश्नाला माणसं उत्तर देतात, कधी कधी रडतातही. त्या दुपारी बारा वाजता हा प्रश्न मी एका आईला विचारला असता, तर त्या पोराला गोदामातच फिटचं सांगितलं असतं आणि आम्ही दोनच्या आत बांधावर असतो. डॉक्टरांच्या अंदाजानं तिला पहिली फिट दोनला आली. दुसरी कधी आली, ते कुणालाच सांगता आलं नाही. तेवढा वेळ ती तिथं एकटी होती, आणि मी टेबलावर मुठी आपटत होतो.